लिपिडची बाटली: ना उन्हात, ना बर्फात

मा. संपादक,
स. न. वि. वि.

उन्हाळा तोंडावर आला आहे. अथणी, रायबाग, चिकोडीकडे एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीला टेकतो. बेळगाव शहरात रात्री गारवा असला तरी भर दुपारी पत्र्याच्या खोलीत त्याचा काही उपयोग नसतो. अशा दिवसांत एनआयसीयूच्या (नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागाच्या) दाराशी बसलेल्या वडिलांच्या किंवा मामाच्या हातात चिठ्ठी पडते: 'लिपिड २० टक्के, १०० मिलि, एक बाटली'. लिपिड म्हणजे कमी दिवसांच्या बाळाला शिरेतून द्यायचे स्निग्ध. जवळच्या मेडिकलमध्ये ती नसते. मग दुसरे दुकान, तिसरे दुकान. तिथेही नसेल तर कोल्हापूर नाहीतर हुबळीहून बसच्या पार्सलने मागवायची. बाटली वॉर्डात पोचते, पण त्याआधी ती स्कूटरच्या डिकीत किती वेळ होती, बसच्या कोणत्या कोपऱ्यात होती, रात्री कोणाच्या फ्रीजमध्ये होती, याची नोंद कुठेच नसते. बाटली बाहेरून ठीकठाक दिसते आणि लावली जाते. नातेवाइकांनी ही बाटली आणण्याची पद्धत थांबावी, आणि ती थांबेपर्यंत निदान बाटली कशी सांभाळायची हे सर्वांना कळावे, यासाठी हे पत्र.

वेळेआधी जन्मलेल्या बाळाचे आतडे पहिले काही दिवस पुरेसे दूध पेलू शकत नाही. त्याला शिरेतून अन्न द्यावे लागते: एका लाइनमधून (नळीतून) ग्लुकोज, अमिनो आम्ले आणि क्षार, दुसरीतून स्निग्ध पदार्थ. वॉर्डात याला नुसते 'लिपिड' म्हणतात, नातेवाईक 'पांढरे सलाईन' म्हणतात. १०० मिलिमध्ये २० ग्रॅम तेल (सोयाबीनचे, किंवा सोयाबीन, ऑलिव्ह, नारळाच्या तेलापासून काढलेले मध्यम साखळीचे स्निग्ध आणि माशाचे तेल यांचे मिश्रण), १.२ ग्रॅम अंड्याच्या बलकातले फॉस्फोलिपिड (तेलाचे थेंब पाण्यात धरून ठेवणारा पदार्थ), सव्वादोन ते अडीच ग्रॅम ग्लिसरीन आणि बाकी पाणी. स्वीडनचे आर्विड व्रेटलिंड यांनी सोयाबीन तेल आणि अंड्याचे फॉस्फोलिपिड यांची ही जोडी जमवली आणि १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला ती वापरात आली. आजही मूळ घडण तीच आहे. एका मिलिमधून २ किलोकॅलरी मिळतात. १० टक्के ग्लुकोजच्या एका मिलिमधून जेमतेम ०.३४. शिवाय अत्यावश्यक मेदाम्ले बाळाला दुसरीकडून मिळत नाहीत. अजिबात स्निग्ध न मिळाल्यास कमी दिवसांच्या बाळात तीन दिवसांत त्यांची कमतरता दिसू लागते. त्यामुळे 'जोखीम नको, लिपिडच नको' हा काही मार्ग नव्हे.

आता ही बाटली बिघडते कशी ते पाहू. तेल आणि पाणी एकत्र नांदत नाहीत. तेलाचे थेंब इतके बारीक केलेले असतात की त्यांचा सरासरी व्यास अर्ध्या मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) आत राहतो. प्रत्येक थेंबाभोवती फॉस्फोलिपिडचे पातळ आवरण असते आणि त्यावर ऋण विद्युतभार. सारखा भार असल्याने थेंब एकमेकांना दूर ढकलतात. हे आवरण फाटले किंवा हा भार कमी झाला की थेंब एकमेकांत मिसळून मोठे होऊ लागतात. ५ मायक्रॉनहून मोठे थेंब बाळाच्या फुप्फुसातल्या केशवाहिन्यांत अडकू शकतात. म्हणून औषधाच्या मानकांत अशा मोठ्या थेंबांत एकूण स्निग्धाचा ०.०५ टक्क्यापेक्षा जास्त भाग असता कामा नये, अशी मर्यादा आहे. ही मर्यादा ओलांडली तरी बाटली डोळ्यांना पांढरी शुभ्रच दिसते. वर पिवळे तेल तरंगताना दिसेपर्यंत बिघाड फार पुढे गेलेला असतो. 'दिसायला चांगली आहे ना' हा निकष म्हणूनच कुचकामी.

आपल्या भागात बाटली बिघडवणाऱ्या गोष्टी दोन, आणि त्या एकमेकींच्या उलट आहेत. एक ऊन, दुसरा फ्रीज.

उन्हाचे लवकर पटते. बहुतेक कंपन्यांच्या लेबलवर '२५ अंश सेल्सिअसच्या वर ठेवू नका, गोठवू नका' असे असते. लेबलवर जे असेल तेच प्रमाण मानावे, कारण ते प्रत्येक उत्पादनाचे वेगळे असू शकते. उष्णतेने फॉस्फोलिपिड आणि तेलाचे विघटन वाढते, मोकळी मेदाम्ले सुटतात, सामू (पीएच) खाली येतो आणि सामू खाली आला की थेंबांवरचा ऋणभारही घटतो. अर्धा तास ऊन लागले की बाटली लगेच विष होते, असे कोणी समजू नये. पण दुकानात महिनाभर पत्र्याखाली, मग स्टँडवर पार्सलच्या ढिगात, मग डिकीत, अशी बेरीज होत जाते आणि त्या बेरजेचा हिशेब कोणाकडेच नसतो.

फ्रीजचे मात्र पटवून द्यावे लागते. लस आणि इन्शुलिन यांमुळे लोकांच्या मनात पक्के बसले आहे की महागडे इंजेक्शन म्हणजे फ्रीजमध्ये. माणसे काळजीपोटीच करतात. घरी एकाच दाराचा फ्रीज असतो. बाटली 'सगळ्यात थंड जागा' म्हणून बर्फाच्या कप्प्यात नाहीतर त्याच्या खालच्या ट्रेमध्ये ठेवली जाते. तिथे ती रातोरात गोठते. पाण्याचे स्फटिक होताना तेलाचे थेंब उरलेल्या जागेत एकमेकांवर दाबले जातात आणि आवरणे फुटतात. बर्फ वितळला तरी ती पुन्हा जोडली जात नाहीत. सकाळी बाटली परत पांढरी दिसते, दोनदा हलवली की एकसारखीही होते. अशी बाटली फेकायचीच. पैसे गेले तरी फेकायची. आमच्या मते उन्हापेक्षा हा धोका मोठा आहे, कारण यात बाटली आणणाऱ्याला आपण फार नीट केले असेच वाटत असते.

न उघडलेल्या बाटलीला फ्रीज लागतच नाही. तिला हवी ती गार, अंधारी, स्थिर जागा. घराच्या आतल्या बाजूची, भिंतीतली फडताळाची जागा चालते, मात्र भिंत पश्चिमेची उन्हाने तापणारी नको. फ्रीजच्या डोक्यावर ठेवू नये, तिथे मागच्या जाळीची ऊब येते. बाटली तिच्या खोक्यातच ठेवावी, खोका उजेड अडवतो. दुकानांत आणि रुग्णालयाच्या साठवणीत पत्र्याखालचा माळा, झरोक्यासमोरची फळी आणि ऑटोक्लेव्हच्या (वाफेने उपकरणे निर्जंतुक करणाऱ्या यंत्राच्या) शेजारची खोली या तीन जागा कटाक्षाने टाळाव्यात. साध्या थर्मामीटरऐवजी कमाल-किमान तापमान दाखवणारा थर्मामीटर लावावा. सकाळी नऊला पाहिलेले तापमान दुपारी तीनचे काही सांगत नाही.

फ्रीजविषयी अजून एक, खास खानापूर, जांबोटी, कणकुंबीकडच्या पावसाळ्यासाठी. मे महिन्यात फ्रीजचे बटण 'जास्त थंड'कडे फिरवलेले असते. जूनमध्ये बाहेरची हवा गार होते, बटण मात्र तसेच राहते, आणि मागच्या भिंतीला टेकलेल्या वस्तू गोठू लागतात. सिरिंजमध्ये काढून ठेवलेले लिपिड असेल तर ते मधल्या कप्प्यात, भिंतीपासून चार बोटे दूर, २ ते ८ अंशांत हवे. त्याच फ्रीजमध्ये परिचारिकांचे डबे असतील तर दार दिवसातून पन्नासदा उघडणार, तेव्हा डब्यांची सोय वेगळी करावी. वीज गेली तर दार बंद ठेवावे आणि वीज आल्यावर आधी थर्मामीटर पाहावा. न उघडलेल्या बाटल्या कपाटात असतील तर दोन-चार तासांच्या वीज जाण्याने त्यांचे काही बिघडत नाही.

वाहतुकीसाठी थर्माकोलचा डबा पुरतो. त्यात बर्फाची पाकिटे मात्र टाकू नयेत. बाटलीला चिकटलेले गोठलेले पाकीट एका बाजूने बाटली गोठवते. फ्रीजमधल्या थंड पाण्याच्या दोन बाटल्या (गोठलेल्या नव्हे) वर्तमानपत्रात गुंडाळून बाजूला ठेवाव्यात आणि मध्ये खोक्यासह लिपिड. अथणीहून बेळगाव गाठायला अडीच-तीन तास सहज लागतात. तेवढ्यासाठी एवढी तजवीज भरपूर झाली. डबा पायाशी किंवा मांडीवर घ्यावा, डिकीत नको, गाडीच्या काचेपाशी नको. बसने पार्सल पाठवताना दुकानदाराने डब्यावर 'उन्हात ठेवू नका, बर्फात ठेवू नका' अशी चिठ्ठी मराठी आणि कन्नड दोन्हींत चिकटवावी. सीमाभागात फलकांवरून काय व्हायचे ते होवो, तळहाताएवढ्या चिठ्ठीवर दोन्ही भाषा आरामात मावतात.

बाटली हाती आल्यावर काय पाहायचे? मुदत तर पाहायचीच. प्लास्टिकच्या पिशवीतले लिपिड असेल तर त्यावर आणखी एक बाहेरचे आवरण असते, आत ऑक्सिजन शोषणारी पुडी असते आणि काही उत्पादनांत रंग बदलणारा दर्शकही. आवरण फाटलेले असेल किंवा दर्शकाचा रंग लेबलवर सांगितल्याप्रमाणे बदललेला असेल, तर ऑक्सिजन आत गेला आहे आणि तेल खवट होण्याची क्रिया सुरू झाली आहे. 'नीट बघता यावे' म्हणून दुकानदाराने किंवा नातेवाइकांनी हे आवरण आधीच काढून टाकू नये. ते वापरायच्या वेळीच काढायचे. मग बाटली उजेडासमोर धरून दोन-तीनदा हळूच उलटसुलट करावी, घुसळू नये. वर सायीसारखा दाट पांढरा थर दिसला आणि हळू उलटवल्यावर तो पूर्ण मिसळला, तर ते थेंब नुसते वर आलेले असतात, फुटलेले नसतात. पिवळे थेंब, काचेच्या कडेने तेलकट पिवळी रेघ, तपकिरी झाक, गुठळ्या यांपैकी काहीही दिसले की बाटली बाजूला. शंका आली तरी बाजूला.

वॉर्डातली सर्वात अवघड गोष्ट आकड्यांत आहे. एक किलोच्या बाळाला दिवसाला ३ ग्रॅम स्निग्ध द्यायचे तर २० टक्के लिपिड लागते १५ मिलि, म्हणजे ताशी सुमारे ०.६ मिलि. लाइन आणि फिल्टर भरायला आणखी मिलि-दोन मिलि. बाटली १०० मिलिची. उरलेल्या ऐंशीहून अधिक मिलिचे काय करायचे? गरीब घरातल्या माणसाने पदरमोड करून आणलेली बाटली पहिल्याच दिवशी फेकायला कोणाचाच हात धजत नाही. मग रबरी बुचाला स्पिरिट लावून, वर चिकटपट्टी मारून ती फ्रीजमध्ये जाते आणि चार दिवस पुरवली जाते.

हे का करू नये ते स्पष्ट सांगायला हवे. लिपिडमध्ये जंतुरोधक काहीही नसते. ग्लुकोज-अमिनो आम्लांचे द्रावण आम्लधर्मी आणि तीव्र असते, त्यात जंतू सहज वाढत नाहीत. लिपिड जवळजवळ उदासीन ते किंचित अल्कधर्मी आणि रक्ताच्याच तीव्रतेचे असते. त्यात जिवाणू आणि कँडिडासारख्या बुरशी झपाट्याने वाढतात. मॅलॅसेझिया नावाच्या, त्वचेवरच राहणाऱ्या बुरशीला तर वाढीसाठी मेदाम्लेच लागतात. लिपिड घेणाऱ्या नवजात बाळांच्या रक्तात ती सापडते ती त्यामुळेच. त्यातून काचेच्या बाटलीत हवा जावी म्हणून बुचात एक उघडी सुई खुपसून ठेवण्याची सवय अजून गेलेली नाही. त्या सुईतून वॉर्डाची हवा आत जाते, वॉर्डातले जंतूही. जंतुरोधक गाळणी असलेला हवेचा मार्ग ज्या सेटला आहे तोच सेट वापरावा.

नियम असा: एकदा भोसकलेली बाटली दुसऱ्या दिवशी वापरायची नाही. मूळ बाटलीतूनच थेट लावली असेल तर जास्तीत जास्त २४ तास. सिरिंजमध्ये काढून पंपावर (ठरलेल्या वेगाने औषध सोडणाऱ्या यंत्रावर) लावली असेल तर १२ तास, कारण काढताना एक हात जास्त लागलेला असतो. म्हणजे दिवसाला दोन सिरिंज. लिपिडची लाइन निदान दर २४ तासांनी बदलायची. प्रत्येक सिरिंजवर बाळाचा नंबर, काढल्याची वेळ आणि संपण्याची वेळ लिहायची. नुसती तारीख पुरत नाही. सिरिंज काढायचे काम वॉर्डाच्या टेबलावर होऊ नये, ते औषध विभागात, गाळलेल्या हवेच्या झोताच्या टेबलावर, निर्जंतुक हातमोजे घालून व्हावे.

आणि पैशाचे कोडे सुटते ते इथेच. नातेवाइकांनी आणलेली बाटली 'त्या बाळाची' असते, म्हणून उरलेली वाया जाते किंवा शिळी वापरली जाते. रुग्णालयाने स्वतः साठा ठेवला, तर एकाच बाटलीतून एकाच बैठकीत त्या दिवशीच्या चार-पाच बाळांच्या सिरिंज स्वच्छ टेबलावर काढता येतात. बाटली त्याच दिवशी संपते, प्रत्येकाच्या बिलात जेवढे वापरले तेवढेच लागते, आणि बाटली कोणत्या तापमानातून आली याची जबाबदारी पावतीसह एका ठिकाणी राहते. ज्या रुग्णालयात एका वेळी एखाद-दुसरेच असे बाळ असते, तिथे उरलेले फेकावे लागेल, ते फेकावे.

उजेडाकडे अजून फारसे लक्ष जात नाही. लिपिडवर उजेड पडला की त्यात पेरॉक्साइडे (पेशींना अपायकारक ऑक्सिजनयुक्त संयुगे) तयार होतात, आणि जीवनसत्त्वे मिसळलेली असतील तर हा प्रकार आणखी वाढतो. कमी दिवसांच्या बाळाकडे ही पेरॉक्साइडे निकामी करण्याची ताकद फार कमी असते. युरोपच्या औषध नियामक संस्थेने २०१९ मध्ये दोन वर्षांखालील मुलांसाठी शिरेतून द्यायच्या पोषणाची बाटली आणि लाइन दोन्ही, देऊन संपेपर्यंत उजेडापासून झाकाव्यात, असे सांगितले. आपल्याकडे हीच बाळे काविळीसाठी निळ्या दिव्याखाली असतात आणि लिपिडची पारदर्शक लाइन त्याच दिव्याखालून जाते. तपकिरी सिरिंज आणि रंगीत लाइन मिळत असेल तर उत्तम. नसेल तर स्वयंपाकघरातला अ‍ॅल्युमिनियम फॉइल सिरिंजपासून बाळापर्यंत गुंडाळावा. सिरिंजवर उघडता येईल अशी एक घडी ठेवावी, म्हणजे आतले लिपिड पाहता येईल, आणि जोडाजवळचे दोन बोटे अंतर मोकळे सोडावे, म्हणजे गळती लपणार नाही. लाइनचे वेटोळे वॉर्मरच्या (बाळाला ऊब देणाऱ्या यंत्राच्या) झोताखाली पडू देऊ नये. पंप वॉर्मरच्या कडेला टेकवून ठेवण्याची सवय सर्रास आहे. त्याने आतली सिरिंज तासन्‌तास कोमट राहते. फ्रीजमधून काढलेली सिरिंज गरम पाण्यात, वॉर्मरवर किंवा मायक्रोवेव्हमध्ये तापवू नये. ती आपोआप खोलीच्या तापमानाला येऊ द्यावी.

लिपिडच्या बाटलीत किंवा सिरिंजमध्ये कॅल्शियम, मॅग्नेशियम किंवा हेपॅरिन (रक्त गोठू न देणारे औषध) मिसळू नये. कॅल्शियम-मॅग्नेशियमचा धनभार थेंबांवरचा ऋणभार खाऊन टाकतो. दोन्ही लाइन बाळाच्या अगदी जवळ, वाय-जोडाने (इंग्रजी Y आकाराच्या जोडणीने) एकत्र आणाव्यात, म्हणजे मिसळून राहण्याचा वेळ कमी होतो. लिपिडच्या लाइनवर १.२ मायक्रॉनचा फिल्टर हवा. ग्लुकोजच्या लाइनवरचा ०.२ मायक्रॉनचा लिपिडला चालत नाही. पंप अडथळ्याचा अलार्म देत राहिला आणि फिल्टर तुंबलेला निघाला, तर फिल्टर काढून टाकून पुढे चालू करण्याचा मोह होतो. तसे करू नये. तुंबलेला फिल्टर बरेचदा हेच सांगत असतो की मोठे थेंब झाले आहेत. फिल्टर नवा लावावा आणि बाटली, मिश्रण दोन्ही तपासावीत. दोन पंप शेजारी असतात, वेग वेगळे असतात. लिपिडचा आणि ग्लुकोजचा वेग अदलाबदल होण्याची चूक जगभर नोंदलेली आहे. पंपावर मोठ्या अक्षरांत 'लिपिड' लिहिलेली चिठ्ठी आणि सुरू करताना दोघांनी मिळून वेग वाचणे, यावर खर्च शून्य.

बेळगाव, निपाणी, चिकोडी, खानापूर परिसरातील ज्या रुग्णालयांत कमी दिवसांची बाळे सांभाळली जातात, त्यांनी लिपिडचा किमान साठा स्वतःच्या औषध विभागात ठेवावा आणि लिपिडसाठी नातेवाइकांच्या हाती चिठ्ठी देऊ नये, अशी आमची मागणी आहे. औषध विक्रेत्यांनी लिपिडच्या खोक्यांची जागा या आठवड्यातच बदलावी. उन्हाळा थांबणार नाही. आणि ज्या नातेवाइकांना अजूनही बाटली आणावी लागते, त्यांना एकच विनंती. ती चुकून बर्फात राहिली असेल, डिकीत दुपार गेली असेल, तर बाटली देताना परिचारिकेला तसे सांगा. कोणी रागावेल म्हणून लपवू नका. दुसरी बाटली येईपर्यंतचे काही तास बाळाला ग्लुकोजच्या लाइनवर काढता येतात.

आपले,
काही औषधनिर्माते व नवजात शिशू विभागातील परिचारिका,
बेळगाव, निपाणी, खानापूर